सलोख्याची बैठक घेण्याआधी: बर्दियातल्या बेपत्तांच्या घरांबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. समाजकार्याची पदवी घेऊन तुम्ही नेपाळच्या बर्दिया जिल्ह्यात एका संस्थेत रुजू होताय. सशस्त्र संघर्षात माणूस बेपत्ता झालेल्या कुटुंबांसोबत काम करायचं आहे. संस्थेने सहा महिन्यांत चौदा गावांत 'सलोखा बैठका' ठरवल्या आहेत. पीडित कुटुंबं आणि ज्यांच्याकडे गाव बोट दाखवतं ती माणसं समोरासमोर बसवायची आणि गावातच न्यायाचा मार्ग काढायचा, अशी कल्पना आहे. तुम्ही विचारताय की बैठक चालवायची कशी, आणि बायका रडायला लागल्या तर काय करायचं.

मी मूळची नाशिकची. गेली अकरा वर्षं बांके आणि बर्दियात मनोसामाजिक समुपदेशनाचं काम करतेय. माझ्या मते बैठक कशी चालवायची हा नंतरचा प्रश्न आहे. आधी विचारायला हवं की ही बैठक मागितली कुणी. कुटुंबांनी मागितली असेल तर पुढचं सगळं वेगळं. प्रकल्पाच्या कागदावर आहे म्हणून होत असेल, तर थांबायला सांगायचं धाडस तुम्हाला पहिल्याच महिन्यात करावं लागेल.

आधी जागा समजून घ्या. नेपाळमधला माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यातला सशस्त्र संघर्ष १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सुरू झाला आणि २१ नोव्हेंबर २००६ च्या विस्तृत शांतता कराराने संपला. सुमारे १७,००० माणसं मारली गेली, १,३०० हून अधिक आजही बेपत्ता आहेत. सगळ्यात जास्त बेपत्ता बर्दियातले. नोव्हेंबर २००१ मध्ये आणीबाणी लागून सैन्य रस्त्यावर उतरलं, त्यानंतरच्या काही महिन्यांत रात्री-अपरात्री घरांतून माणसं उचलली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने डिसेंबर २००८ च्या अहवालात या जिल्ह्यातली १७० प्रकरणं नोंदवली: १५६ सरकारी दलांकडून, १४ माओवाद्यांकडून. सरकारी दलांनी नेलेल्यांत बहुसंख्य थारू, म्हणजे तराईतल्या आदिवासी समाजाचे, होते. हेही आभाळातून पडलेलं नाही. जमीन जमीनदारांची, राबणारे थारू, पिढ्यान्‌पिढ्यांची कमैया वेठबिगारी. ती कायद्याने संपली जुलै २००० मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी. जमिनीवरून कुरबूर असलेल्या माणसाला 'माओवादी' म्हणून दाखवून देणं तेव्हा फार सोपं होतं.

आता बैठकीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. शाळेचं पटांगण, सतरंजी, एका बाजूला कुटुंबं. समोर कोण बसणार? घरातून माणूस उचलणारे जवान बाहेरचे होते, केव्हाच बदली होऊन गेले. हुकूम देणारा अधिकारी तर गावाने कधी पाहिलेलाही नाही. समोर बसेल तो फार तर त्या रात्री बॅटरी धरून घर दाखवणारा गावातला माणूस. तोही धाकाने गेला असेल, लोभाने गेला असेल, किंवा गेलाच नसेल आणि नुसतं नाव पडलं असेल. कुटुंबाला हवं असतं एकच: 'तो कुठे आहे?' याचं उत्तर ज्याला ठाऊक आहे तो गावात नाही. आणि जो गावात आहे त्याला ते ठाऊक नाही. अशा बैठकीत वरच्यांचा सगळा हिशेब तळाच्या माणसांमध्ये मिटवला जातो आणि कागदावर 'समुदायाधारित न्याय' अशी नोंद होते. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

म्हणजे गावपातळीवर काही करूच नये असं मी मुळीच म्हणत नाही. माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलंय. पण गाव काय देऊ शकतं आणि काय देऊ शकत नाही, हे आपल्या डोक्यात स्वच्छ हवं.

एक चूक सांगते, माझी स्वतःची. तिसऱ्या वर्षी एका गावात मी अशीच सभा लावली होती. सगळे 'हो' म्हणाले होते. सभेत पस्तिशीची एक बाई उठली आणि त्या रात्री दारात कोण उभा होता ते नाव घेऊन बोलली. मला वाटलं, केवढी मोठी गोष्ट घडली. मी तिचं कौतुक केलं, संध्याकाळी नेपाळगंजला परतले. आषाढात रोवणी सुरू झाली आणि तिला कुणी कामावर बोलावेना. नाव घेतलेला माणूस ज्याची शेती बघत होता त्याच्याच शेतात ती दरवर्षी जायची. त्या हंगामात तिच्या घरी धान नव्हतं. हे मला कळलं भाद्रपदात, तेही दुसऱ्याच बाईकडून. ती स्वतः मला काही बोलली नाही; मी गेले की घरात नाही असं कळवायची. तिच्या बोलण्याची किंमत कोण चुकवणार हे मी आधी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून कुणाला चारचौघांत बोलतं करण्याआधी मी तीन गोष्टी तपासते: तिची मजुरी कुणाकडे आहे, पाणी कुठून येतं, आणि आजारी पडली तर कुणाच्या गाडीतून दवाखान्यात जाते.

ही एकट्या माझ्या चुकीची बाब नाही. सिएरा लिओनमध्ये युद्ध संपल्यावर गावोगाव सलोख्याचे समारंभ झाले: जाहीर कबुली, जाहीर माफी, सगळं गावासमोर. २०० गावं घेऊन त्याचा काटेकोर अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. समारंभ झालेल्या गावांत माफीची भावना वाढली, एकमेकांवरचा विश्वास वाढला, सार्वजनिक कामाला माणसं जास्त येऊ लागली. आणि त्याच गावांत नैराश्य, चिंता, आघाताची लक्षणंही वाढली. जवळपास तीन वर्षांनंतरही ती वाढलेलीच होती. गावाला बरं वाटलं, त्याची किंमत माणसांच्या मनांनी दिली. तुमच्या संस्थेला हा अभ्यास जरूर दाखवा, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत.

मग सुरुवात कुठून करायची? मी कागदांपासून करते.

तुम्हाला हे रुक्ष वाटेल. मलाही वाटायचं. पण नवरा बेपत्ता म्हणजे मेल्याचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे जमिनीचा लालपुर्जा, म्हणजे मालकीचा कागद, त्याच्याच नावावर अडकलेला. मुलगा सोळा वर्षांचा झाला की नागरिकता प्रमाणपत्र काढायचं, तिथे बापाचे कागद मागतात. वडा (वॉर्ड) कार्यालयातून सिफारिस, म्हणजे शिफारसपत्र, आणायची तर तिथला बाबू विचारतो, 'मेला की जिवंत आहे, एक काहीतरी सांगा.' जुन्या नेपाळी कायद्यात माणूस मेला असं धरायला बारा वर्षं थांबावं लागायचं, आपल्याकडे सात. सरकारने मृत आणि बेपत्ता अशा दोन्हींच्या कुटुंबांना टप्प्याटप्प्याने दहा लाख नेपाळी रुपयांपर्यंत अंतरिम राहत, म्हणजे तात्पुरती मदत, दिली. पण पैसे आले तसे सासू-सुनेचे वाटेही आले. काही घरांत सुनेने दुसरं लग्न केलं, आणि तिचा हक्क किती यावरून पाच-पाच वर्षं बोलणं बंद.

या भांडणांत गाव खरंच उपयोगी पडतं. नव्या राज्यघटनेनंतर प्रत्येक पालिकेत उपप्रमुखांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची न्यायिक समिती असते. वाटणी, बांध, घरातली देणीघेणी हे तिच्या कक्षेत येतं. माणूस गायब करणं हा गुन्हा तिच्या कक्षेत येत नाही, आणि कुणी आणू पाहिलं तर तुम्ही ठाम नाही म्हणा. शिवाय थारू गावांत बड़घर, म्हणजे गावाने निवडलेला मुखिया, असतो. आपल्या संक्रांतीच्या सुमारास माघी येते, थारूंचं नवं वर्ष. तेव्हा सगळी घरं एकत्र बसून वर्षाचा हिशेब करतात आणि बड़घर निवडतात. कुलापाण्याची (पाटाच्या पाण्याची) पाळी, रस्त्याची डागडुजी, घराघरांतले तंटे तो बघतो. बड़घर सोबत असेल तर वड्यातली सिफारिस एका फेरीत मिळते, नाहीतर सहा फेऱ्या. एवढं मात्र लक्षात ठेवा की ही व्यवस्था बहुतेक पुरुषांची आहे आणि बड़घरालाही त्याच गावात राहायचं असतं. बाईचं गुपित त्याच्यापर्यंत तिच्या परवानगीशिवाय जाता कामा नये.

कागद हातात आला की काय बदलतं ते एका घरात फार जवळून पाहिलं. थारू घरात भिंतीच्या जागी मातीच्या उंच कणग्या असतात, त्यांना डेहरी म्हणतात. एका आजीने मुलाचा पासपोर्ट आकाराचा फोटो डेहरीच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत, चिखलाने लिंपून ठेवला होता. बारा-तेरा वर्षं. घरझडतीच्या भीतीने लपवला तो मग काढलाच नाही. नातवाची नागरिकता झाली त्या आठवड्यात तिने माझ्यासमोर चिखल खरवडून ती पिशवी काढली. फोटोला ओल लागून अर्धा चेहरा गेला होता. तिने तो पदराने पुसला आणि नातवाला म्हणाली, 'कान बघ, तुझेच आहेत.' त्याआधी दोन वर्षं मी तिच्याकडे जात होते. मुलाचं नावसुद्धा तिने माझ्यापुढे घेतलं नव्हतं.

रडण्याबद्दल तुम्ही विचारलंय. रडणं हा प्रश्न नाही, रडू द्या. पाणी द्या, बसून राहा. अवघड आहे ते वेगळंच. मृत्यूचं दुःख ओसरतं, कारण त्याला दहावं असतं, तेरावं असतं, वर्षश्राद्ध असतं. बेपत्ता माणसाचं दुःख अधांतरी राहतं. कुटुंबांच्या मानसिक ताणावर काम करणाऱ्या अमेरिकी संशोधक पॉलीन बॉस यांनी या प्रकारच्या दुःखाला 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे अधांतरी वियोग, असं स्वतंत्र नाव दिलं आणि सांगितलं की यात बिघाड त्या बाईत नसतो, तिच्यावर आलेल्या परिस्थितीत असतो. मला ते अगदी पटतं. कपाळावरचा सिंदूर आणि गळ्यातली पोते, म्हणजे सौभाग्याची मण्यांची माळ, ठेवली तर लोक म्हणतात, हिला काही वाटतच नाही. काढली तर सासू म्हणते, माझ्या मुलाला तूच मारलंस.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले. देह ओळखल्याची वार्ता असूनही पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. १७८३ मध्ये त्या वारल्या तोवर बावीस वर्षं सौभाग्यवती म्हणून राहिल्या. मधल्या काळात भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, हजारो माणसं त्याच्या मागे गेली आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. आपण शाळेत ही गंमतीची गोष्ट म्हणून ऐकतो. बर्दियातल्या घरांत बसल्यावर मला ती कळली. वाट बघणाऱ्या घराच्या दारात कुणीही काहीही विकू शकतो. 'भारतातल्या तुरुंगात पाहिला', 'पैसे द्या, पत्ता काढतो' असं म्हणत येणाऱ्यांनी कित्येक घरं लुबाडली आहेत. पहिल्याच भेटीत या फसवणुकीबद्दल बोला.

देह न मिळालेल्यासाठी आपल्याकडे पालाशविधी आहे, पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन. नेपाळी हिंदू घरांत कुशाचा पुतळा करतात. कुणी स्वतःहून विचारलं तर मी पुरोहिताशी, थारू घरात त्यांच्या गुरुवाशी (पारंपरिक पुजाऱ्याशी), गाठ घालून देते. सुचवत मात्र कधीच नाही. एकाच घरात आईला क्रियाकर्म करायचं असतं आणि बायकोला नको असतं. तिथे घाई केली की घर फुटतं. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने २०१० पासून बर्दियात 'हातेमालो' नावाने कुटुंबांच्या सोबतीचं काम केलं. बायकांचे छोटे गट नियमित बसायचे आणि त्यातूनच पुढे स्मारकं, जाणाऱ्या-येणाऱ्यांना टेकायला चौतारे (पार) बांधावे असं ठरायचं. माझ्या अनुभवात असा चौतारा चारचौघांतल्या माफीपेक्षा कितीतरी जास्त देतो. नाव दगडावर येतं, बाजूला पिंपळ लागतो, पोरं तिथे खेळतात, आणि कुणाला कुणापुढे कबुली द्यावी लागत नाही. कुणाची नावं घालायची यावर वाद होतोच, होऊ द्या. सैन्याने नेलेला आणि माओवाद्यांनी मारलेला एकाच दगडावर यावा की नाही हे त्यांनी ठरवायचं. राष्ट्रीय पातळीवर 'द्वन्द्वपीडित साझा चौतारी' या मंचावर दोन्हीकडचे पीडित एकत्र आले आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. पण त्यांना तिथवर यायला वर्षं लागली, तुमच्याकडे सहा महिने आहेत.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे तेही सांगते. ज्या मोजक्या प्रकरणांत करणारा आणि सोसणारा दोघेही गावचेच आहेत, म्हणजे माओवादी कार्यकर्त्याने शेजाऱ्याला नेलं किंवा घराबाहेर काढून जमीन घेतली, तिथे समोरासमोर बोलण्याला अर्थ असू शकतो. जमीन परत मिळणं, खरं काय ते सांगणं, हे त्या माणसाच्या हातात असतं. तरीही बैठकीची मागणी कुटुंबाची हवी, जागा त्यांच्या पसंतीची, आणि मध्येच उठून जायची मुभा. तो माणूस आज वड्यात पदावर असेल, तर तराजू आधीच झुकलेला आहे हे धरून चाला. करारानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक शांती समित्या झाल्या होत्या, त्या पक्षांच्या वाटणीत अडकल्या. गाव म्हणजे एकमुखी, निर्मळ काहीतरी असतं हा शहरातल्यांचा भाबडेपणा आहे. आपल्या गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी 'खबऱ्या' म्हणून मारलेल्याचं घर आणि ज्याचा मुलगा दलमात गेला त्याचं घर एकाच गल्लीत असतं. तिथे काम केलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर गावपातळीवरची कोणतीही सभा नको. मुळीच नको. त्या काळच्या कायद्यात बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करायची अट होती. युद्ध चालू असताना, आरोपी गणवेशात असताना कोण करणार? अंतरिम राहतीतूनही या बायका आणि छळ सोसलेली माणसं वगळली गेली. त्यामुळे कित्येकींनी आजवर घरातही सांगितलेलं नाही. तुमच्याकडे अशी कुणी बोलली, तर ते वहीत नावानिशी लिहू नका, संस्थेच्या मासिक अहवालात तर नकोच. तिला काय हवं आहे ते विचारा: औषधोपचार, वकील, की फक्त ऐकणारं माणूस.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, कागदपत्रं, घरातले तंटे, सोबत, आठवणीची जागा, मजुरी-पाण्याची सुरक्षितता एवढं गावात होऊ शकतं. माणूस कुठे आहे आणि कुणी नेला याचं उत्तर काठमांडूतून यायला हवं.

आणि तिथला इतिहास कुटुंबांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. २००६ च्या करारात लिहिलं होतं की बेपत्तांची नावं ६० दिवसांत जाहीर करू. सत्य शोधायला आणि बेपत्तांचा तपास करायला नेमायच्या आयोगांचा कायदा आला २०१४ मध्ये, आयोग बसले फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांना माफी देणारी कलमं रद्द ठरवली. सत्य निरूपण आयोगाकडे ६०,००० हून अधिक तक्रारी आल्या आणि पडून राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कुटुंबांनी या सगळ्यात अर्ज भरले, तेच तेच पाच-पाच वेळा सांगितलं. तुम्ही वही उघडलीत की त्यांना सहावी वेळ दिसते. म्हणून जुने अर्ज आधी जमवा: कुणी कुठे, कधी, कोणत्या क्रमांकाने तक्रार दिली. पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारू नका.

एक शब्द नीट वापरा. नेपाळीत कुटुंबं 'हराएको' (हरवलेला) म्हणत नाहीत, 'बेपत्ता पारिएको' म्हणतात. म्हणजे बेपत्ता केला गेलेला. मी सुरुवातीला मराठीच्या सवयीने 'बेपत्ता झाला' अशा अर्थाचं बोलायचे. एका म्हाताऱ्या बाबांनी मला थांबवलं आणि म्हणाले, 'बैल हरवतो, बाई. माझ्या पोराला नेलाय.'

संस्थेला काय सांगाल? हे सांगा की चौदा गावांऐवजी चार घ्या, सहा महिन्यांऐवजी निदान दोन माघ्या जाऊ द्या. बैठकांची संख्या मोजण्याऐवजी किती लालपुर्जे सुटले, किती मुलांची नागरिकता झाली, किती घरांनी स्वतःहून पुन्हा बोलावलं ते मोजा. देणगीदार ऐकत नाहीत असं म्हणतील. माझ्या अनुभवात नीट लिहून दिलं तर पुष्कळ ऐकतात. नाहीच ऐकलं, तर बैठकीचं नाव बदलून 'कुटुंब मेळावा' करा आणि दुसऱ्या बाजूला बोलावू नका. ३० ऑगस्टला, बेपत्तांच्या जागतिक दिनी, कुटुंबं तसंही एकत्र येतात.

पहिल्या फेरीत वही नेऊ नका. ढिक्री, म्हणजे तांदळाच्या पिठाचा उकडलेला पदार्थ, पुढे केली तर खा. थारू भाषेतली दहा वाक्यं शिकून जा, नेपाळीसुद्धा तिथल्या म्हाताऱ्यांना परकीच आहे. कुणीतरी तुम्हाला नक्की विचारेल, 'तुला काही कळलं का त्याचं?' प्रत्येक नव्या माणसाला ते विचारतात. 'नाही कळलं' असंच सांगा. मग म्हणा, तुमचा अर्ज कुठवर आलाय ते बघून येते, आणि कधी परत येणार तो दिवस सांगून निघा. पावसाने बर्दियातल्या राजापूरचा रस्ता बंद असला, हातात काही नसलं, तरी त्या दिवशी निदान फोन करा.